चंद्र दिसला, हे कुणाला तरी सांगा

(नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे निघालेल्या मुलामुलींसमोर सोलापुरात जानेवारी 2026 मध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘आयटीतलं करिअर’ हा विषय दिला होता. त्यावर सांगणारे यूट्यूबवर भरपूर आहेत, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मी आज दुसरंच बोलणार आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रमजान सुरू होतोय. तुमच्यापैकी काहीजणांचा हा घराबाहेरचा पहिला रमजान असेल. त्याची तयारी कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मी बेगम पेठेत वाढले. आमच्या गल्लीत ईदसाठी मुलांना काहीच करावं लागत नसे. चांदरातीला विजापूर वेशीच्या मीना बाजारात अम्मीचा हात धरून फिरायचं, बांगड्या घ्यायच्या, मेंदी काढायची आणि झोपायचं. सकाळी उठलं की शिरखुर्म्याचा वास आलेलाच असायचा. जानेवारी 1999 ची ईद मला चांगली आठवते. मी आठ वर्षांची होते. सिद्धेश्वरांची यात्रा नुकतीच झाली होती, होम मैदानावर गड्डा भरलेला होता. आम्ही पोरं ईदी मुठीत धरून थेट गड्ड्यावर गेलो. पाळण्यात बसलो, भजी खाल्ली आणि रिकाम्या हातानं घरी आलो. ती ईद की गड्डा, असा प्रश्न आम्हाला पडलाच नाही.

वालचंदमधून इंजिनिअरिंग झालं आणि 2013 मध्ये हिंजवडीत नोकरी लागली. राहण्यासाठी वाकडला पीजी शोधत होते. दोन ठिकाणी खोली रिकामी होती, पण नाव सांगितल्यावर ती ‘कालच गेली’. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. तेव्हापासून मी ठरवून टाकलं, इथं आवाज करायचा नाही. सहरीला दिवा न लावता खजूर आणि बिस्किटं खायची. ऑफिसात जेवायला बोलावलं की ‘पोट बरं नाही’ म्हणायचं. महिनाभर पोट बिघडलेली मुलगी म्हणून टीममध्ये माझी कीर्ती झाली.

9 ऑगस्ट 2013, शुक्रवार, ईद. मी सुट्टी मागितलीच नाही. नवीन माणसानं मागू नये, असं मीच ठरवलं होतं. अम्मीनं शिवून दिलेला ड्रेस बॅगेतच राहिला. दुपारी अम्मीचा फोन आला, ‘शिरखुर्मा पी क्या गे?’ मी म्हटलं, ‘हाँ अम्मी, पी.’ तेव्हा मी कँटीनमध्ये उपमा खात होते.

मुलग्यांना निदान एक जागा असते. पुण्यात गोळीबार मैदानाच्या ईदगाहवर सकाळी हजारो लोक जमतात. ओळख नसलेला माणूसही गळाभेट घेतो, ‘ईद मुबारक’ म्हणतो. आमची ईद मात्र घरातच ठेवलेली असते, आणि पीजी काही घर नसतं. इथल्या मुलींनी हे आधीच लक्षात घ्यावं, म्हणून मुद्दाम सांगते.

संध्याकाळी रूममेटनं बॅगेतला ड्रेस पाहिला. ती परभणीची. तिनं विचारलं, ‘हा नवा का घालत नाहीस?’ आणि मला रडू फुटलं. सगळं ऐकून ती माझ्यावर रागावली. ‘महिनाभर एका खोलीत झोपतोय आपण. मी इतकी परकी वाटले का तुला?’ मला वाटत होतं, मी स्वतःला वाचवत होते. खरं तर जिनं मला काहीच केलं नव्हतं, तिच्यावरही मी आधीच शिक्का मारून ठेवला होता.

त्या नोव्हेंबरात लक्ष्मीपूजनाला तिचा सपोर्ट शिफ्ट लागला आणि तिला घरी जाता येईना. मी त्या रविवारी पुण्यातच थांबले. बाहेर फटाके आणि ही लॅपटॉपवर तिकिटं बंद करतेय. मी दाराबाहेर चार पणत्या लावल्या, अम्मीनं पाठवलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी काढली. आमचा फराळ तोच. तेव्हा कळलं की सणाला एकटं पडायला मुसलमान असावं लागत नाही. मोठ्या शहरात शिफ्ट, रजा आणि भाडं हे सगळ्यांनाच एकटं पाडतं.

पुढच्या वर्षी मी पीजीच्या काकूंना आठ दिवस आधी विचारलं, ‘ईदला स्वयंपाकघर दोन तास द्याल का?’ त्या म्हणाल्या, ‘शेवयांची खीरच ना ती? कर की. मांस-मच्छी तेवढं नको.’ खारीक, चारोळी, खोबरं, शेवया सगळं सोलापूरहून आलं. दूध तीन लिटर, त्यातलं निदान पाव भांड्याच्या बुडाला लागलं. अकरा मुलींनी शिरखुर्मा प्यायला आणि दोघींनी करपल्याचं तोंडावर सांगितलं. मी अम्मीला फोन केला आणि ह्या वेळी खरं बोलले. त्याच रमजानमध्ये रूममेटला मोमीनपुऱ्यात घेऊन गेले. संध्याकाळी तिथं जी खाण्याची गर्दी उसळते, ती पाहून ती म्हणाली, ‘हे तर आमच्या जत्रेसारखंच आहे.’

मोमीनपुरा गंज पेठेत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना ह्याच पेठेत आसरा दिला. पुण्यात दार बंद होण्याची गोष्ट जुनी आहे, तशी दार उघडण्याचीही. मला दोन्ही दारं भेटली. बंद झालेली मी विसरलेले नाही आणि तुम्हीही विसरा असं म्हणत नाही. पण त्या दोन दारांमुळे बाकीची सगळी न ठोठावता सोडून द्यायची नाहीत.

आता कामाचं बोलू.

पहिलं, सुट्टी. सरकारी यादीत रमजान ईद असली तरी खासगी कंपनीच्या यादीत ती असेलच असं नाही. पहिल्याच महिन्यात एचआरकडून यादी मागवा, ऐच्छिक सुट्टी आहे का बघा. रजा मागताना दोन तारखा लिहा आणि कारणही लिहा: चंद्र दिसण्यावर दिवस ठरतो. मॅनेजरला हे ठाऊक नसतं. सांगितलं की बहुतेकांना पटतं.

दुसरं, तिकीट. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं आणि चंद्र आदल्या संध्याकाळी दिसतो. चंद्र दिसला म्हणून निघावं, तर पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस तोवर गेलेली असते. म्हणून एकोणतिसाव्या रोजाच्या आतच घरी पोचायचा बेत करा. आणि त्या गाडीत बसलात की नावाकडेही लक्ष असू द्या. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांचं ते नाव आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे.

तिसरं, अदलाबदल. 2025 मध्ये गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी होता आणि ईद 31 मार्चला, सोमवारी. वर्षअखेरीचं काम डोक्यावर. मी पाडव्याचा दिवस घेतला, सहकाऱ्यानं ईदचा. दोघांचाही सण झाला. यंदाही पाडवा 19 मार्चला आहे आणि ईद त्याच्या मागोमाग. आत्ताच बोलून ठेवा. मोठ्या पातळीवरही हे जमतं. 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिमांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारनं मिलादची सुट्टी 29 ला दिली.

चौथं, कुणी उलटसुलट बोललं तर? बोलतात. ‘ईद आहे, मग बिर्याणी कुठंय?’ एवढंच माहीत असणारे भेटतात. त्यांना शिरखुर्मा पाजा. मुद्दाम टोचून बोलणाराही एखादा भेटतो. त्याला तिथल्या तिथं नीट उत्तर द्या, पण त्याच्या धाकानं आपला सण बॅगेत भरून ठेवू नका. रोजे धरायचे की नाहीत, नमाज पढायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्याचा हिशेब रूममेटनं मागू नये आणि आपल्यातल्याही कुणी मागू नये. एखादा रोजा न धरणारा मुलगा ईदला तितकाच एकटा असतो.

आता माझं स्वतःचं घर आहे. दर ईदला मी ऑफिसातल्या आणि ओळखीच्या, नव्यानं पुण्यात आलेल्या मुलींना बोलावते, जात-धर्म न विचारता. काहीजणी दिवाळीला गावी जाऊ शकत नाहीत, त्याही येतात. दूध अजूनही कधीकधी लागतं.

शेवटी थोडं गणित, इंजिनिअर आहे म्हणून. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते. दिवाळीला अधिक महिना आवरून धरतो, ईदला कुणी धरत नाही. ती सगळे ऋतू फिरून साधारण 33 वर्षांनी जागेवर येते. 1999 मध्ये 33 मिळवा. 2032 च्या जानेवारीत ईद संक्रांतीच्या अगदी जवळ असेल, एखादा दिवस मागेपुढे. म्हणजे ईदी मुठीत घेऊन पोरं पुन्हा गड्ड्यावर जातील.

तेव्हा तुम्ही पुण्यात असाल, बंगळुरूत असाल, नाहीतर आणखी लांब. त्या वर्षीची रजा आधीच मागून ठेवा. आणि येताना एखाद्या रूममेटलाही बरोबर आणा. गड्ड्यावरची भजी मी देते.