परदेशी स्थायिक होणे : जमा आणि खर्च



इ. स. १८८३ च्या फेब्रुवारी महिन्यात बंगालमधील श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई जोशी यांनी एक भाषण केले. वय अठरा वर्षांहूनही कमी. पती गोपाळराव तेथील टपाल खात्यात नोकरीस. आपण अमेरिकेस का जात आहोत, हा भाषणाचा विषय. या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, हे त्यांनी चारचौघांत सांगितले. १८८६ साली पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक झालेली असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

त्यांच्या धैर्याची थोरवी सर्वज्ञात आहे. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच, की निघण्यापूर्वी त्यांच्यापाशी कारण होते आणि ते सांगता येण्याजोगे होते. आज पुण्या-ठाण्याहून तिकडे जाणाऱ्या दांपत्याला कारण विचारले तर 'राहणीमान सुधारते' आणि 'मुलांचे भले होते' ही दोन वाक्ये हमखास कानी पडतात. दोन्ही खोटी नाहीत. मात्र घरातील कोणाचे राहणीमान, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

जमेची बाजू आधी मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्याला रोज मुलीला दुचाकीवर बसवून शाळेत सोडायचे आहे, त्याला शिस्तीचा रस्ता ही चैन वाटत नाही. तिकडे वस्तीतील सरकारी शाळेत बारावीपर्यंत फी नाही, प्रवेशासाठी देणगी नाही. गावोगावी सार्वजनिक ग्रंथालय आहे. स्वतःचे अंगण स्वतः झाडण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. अनेक सुनांना स्वतःच्या घराची किल्ली प्रथम तेथेच हाती आली, हेही सत्य आहे. ते ऐकताना आपल्याकडच्या मंडळींनी कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही.

आता खर्चाची बाजू. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचे परवाने, म्हणजे ग्रीन कार्डे, अमेरिका वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार देते. अर्जदाराची पत्नी आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्यास त्यातील सात टक्क्यांहून अधिक सहसा येत नाहीत. भारतातून जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने रांग वाढतच गेली. परिणामी २०१२-१३ च्या सुमारास नावे नोंदविलेल्या अनेकांची पाळी २०२५ सालीही आलेली नव्हती. या काळात कुटुंब राहते ते नोकरीला बांधलेल्या एच-१बी परवान्यावर. नोकरी गेली, तर नवी शोधण्यास किंवा देश सोडण्यास साधारणतः ६० दिवसांची मुदत. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये, परदेशातून नव्याने आणावयाच्या कर्मचाऱ्यासाठी मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असा आदेश निघाला. घर मोठे, दाराशी दोन मोटारी. पण मुक्काम साठ दिवसांच्या उसन्या जमिनीवर. हेही राहणीमानाच्या हिशेबात धरावयास हवे.

पत्नीचा विचार तर सर्वांत शेवटी होतो. एच-१बी धारकांच्या पत्नींना नोकरीची मुभा मिळू लागली ती मे २०१५ पासून, आणि तीही पतीचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोहोचला असेल तरच. तोवर येथे अभियंता किंवा प्राध्यापिका असलेली स्त्री तेथे घरी बसून राही. येथून एम.बी.बी.एस. होऊन गेलेल्या डॉक्टरला पुन्हा तिकडच्या परीक्षा देऊन रुग्णालयात उमेदवारी केल्यावाचून व्यवसाय करता येत नाही. पतीच्या पगाराचा आकडा नातलगांत कौतुकाने सांगितला जातो. पत्नीच्या गेलेल्या वर्षांचा आकडा कोणी मांडत नाही.

मुलांची गोष्ट याहून विलक्षण. थोरली पुण्यात जन्मलेली, दोन वर्षांची असताना तिकडे गेलेली. धाकटा दहा-बारा वर्षांपूर्वी तिकडेच जन्मलेला, म्हणून जन्माने अमेरिकेचा नागरिक. एकाच ताटात जेवणारी ही भावंडे. पण ग्रीन कार्ड हाती आले नाही, तर एकविसाव्या वर्षी थोरलीचा पालकांवर अवलंबून असलेला परवाना संपतो. मग तिने विद्यार्थी म्हणून नवा परवाना मिळवावा किंवा जो देश तिला आठवतही नाही तेथे परत जावे. 'मुलांसाठी गेलो' असे म्हणणाऱ्यांनी निघण्यापूर्वी थोरल्या अपत्याचे वय आणि ही रांग शेजारी शेजारी मांडून पाहावी. गणित चौथीचे आहे.

आणि आजी-आजोबा. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्यानुसार मोठ्या आस्थापनांत बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी. म्हणून सोलापूरची आजी डिंकाचे लाडू घेऊन विमानात बसते. पाहुण्यांच्या परवान्यावर तिला बहुधा एका वेळी सहा महिने राहता येते. नातवाला तिची सवय होते तेव्हा ती परत निघते. आईवडिलांना कायमचे नेण्याचा अर्ज फक्त नागरिकालाच करता येतो. तो हक्क मुलाला मिळेपर्यंत त्यांची पंचाहत्तरी उलटलेली असते, आणि सोलापूरचा वाडा, मंडई, देऊळ सोडून बर्फात जाण्याची इच्छा मावळलेली असते. अर्थात रात्री दहाला विरारला उतरणारा मुलगा तरी आईशी किती बोलतो, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. फरक आजारपणात कळतो. तिकडचा मुलगा पैसे तत्काळ धाडतो, पण औषधाची चिठ्ठी घेऊन शेजारचाच मुलगा धावतो.

भाषा टिकविण्याचा प्रयत्न तेथील मंडळी निष्ठेने करतात. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अनेक शहरांत सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. कोथरूडच्या इंग्रजी शाळेतील मुलापेक्षा न्यू जर्सीतील मूल अधिक निगुतीने 'ळ' गिरवताना आढळले, तर लाज कोणाला वाटावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

'पाच वर्षांनी परत येऊ' हे वाक्य विमानतळावर जवळजवळ प्रत्येक जण उच्चारतो. मूल प्राथमिक शाळेत असेतो ते पाळता येते. माध्यमिक शाळेत मित्र जुळले की परतीचा निर्णय आईबापांच्या हाती राहत नाही. पुढे नागरिकत्व घेतले की भारताचे सोडावे लागते, कारण आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. २००६ पासून मिळू लागलेल्या ओ.सी.आय. कार्डावर हवे तेव्हा येता येते, राहता येते. मतदान करता येत नाही. वाई तालुक्यातील आजोबांची शेती वारसाने नातवाच्या नावे होऊ शकते. तिच्या बांधाला लागून असलेली शेतजमीन मात्र त्याला विकत घेता येत नाही.