गाडीची देखभाल आपल्या हाती, वॉरंटीही शाबूत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारसायकल हा विषय शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु भूम-परंड्यापासून लोहारा-उमरग्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तिच्यावर बसून मुलगी एस.टी. स्टँडपर्यंत येते व पुढे कॉलेजला जाते, तिच्यावर दुधाचे कॅन जातात, कपड्याचे गाठोडे बांधून आठवडी बाजार करणारा माणूस तिच्यावरच कुटुंब पोसतो. शिवाय ती बहुधा हप्त्यावर घेतलेली असते. हप्ते फिटण्याआधीच इंजिनाने दम टाकला आणि शोरूमने ‘वॉरंटी बाद झाली’ असे सांगितले, तर त्या घराचे वर्षाचे गणित कोलमडते. कधी कधी त्या गणितात मुलांची फी पहिली कापली जाते. म्हणून हा विषय या व्यासपीठाचाच आहे, असे मी समजतो.

आपल्याकडे दोन प्रकारचे गाडीमालक दिसतात. एक, वॉरंटी जाईल या भीतीने गाडीला हातच लावत नाही. चेन कोरडी पडून करकर वाजते, टायरमध्ये हवा निम्मी, तरी ‘सर्व्हिसिंगला दाखवू’ म्हणत तसाच चालवतो. दुसरा, गाडी घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओळखीच्या गॅरेजवर नेऊन मोठा हॉर्न, जादा लाईट बसवून मोकळा होतो. नुकसान दोघांचेही होते. पहिल्याची गाडी झिजते आणि दुसऱ्याची हमी जाते.

वॉरंटी म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. मालातील किंवा बनावटीतील दोषाबद्दल कंपनीने दिलेली ती लेखी हमी आहे. वापराने होणारी झीज तिच्यात बसत नाही. ब्रेक शू, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, केबल, बल्ब, रबरी भाग हे बहुधा सुरुवातीलाच वगळलेले असतात. टायर आणि बॅटरी यांची हमी त्या त्या वस्तू बनविणाऱ्या कंपनीची असते. अनेक कंपन्या आज पाच वर्षांची वॉरंटी देतात, पण तिच्यासोबत किलोमीटरची मर्यादाही असते, आणि दोहोंपैकी जी आधी भरेल तेथे हमी संपते.

दोहोंपैकी आधी जे होईल ते, हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. सर्व्हिसिंगच्या कूपनलाही तेच लागू असते. पहिली सर्व्हिस ठरावीक किलोमीटरच्या किंवा ठरावीक दिवसांच्या आत करावी, असे पुस्तिकेत छापलेले असते. परीक्षेमुळे मुलाची गाडी दोन महिने अंगणात उभी राहते. किलोमीटर झालेच नाहीत म्हणून वडील निश्चिंत असतात, आणि इकडे दिवस उलटून जातात. सोयाबीनच्या काढणीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात हेच घडते. गाडी घरी आली की त्याच दिवशी या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

बहुतेक कंपन्यांच्या अटीत असे असते की, नेमून दिलेल्या सर्व सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्येच आणि वेळेत झालेल्या असाव्यात, फुकटच्या तसेच पैशाच्याही. फुकटची म्हणजे मजुरी फुकट. ऑईल आणि लागणाऱ्या वस्तूंचे पैसे द्यावेच लागतात. यावरून काऊंटरवर भांडणारे पुष्कळ असतात, पण तेथे चूक शोरूमची नसते.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या समाजात गॅरेजवर काम करणारे चाचा किंवा मामू बहुतेक घरांत असतात. हात असा की, नुसत्या आवाजावरून दोष सांगतील. भाच्याने नवी गाडी घेतली की मामू म्हणणार, ‘शोरूममध्ये पैसे कशाला घालतोस, आण इकडे.’ त्यांच्या कसबाबद्दल शंका नाही. परंतु कूपनवर शिक्का त्यांचा चालत नाही. तेव्हा आदराने सांगावे, ‘मामू, वॉरंटी आहे तोवर कूपनाचे काम तिकडे करू द्या, चेन कशी ताणायची ते मात्र मला तुम्हीच शिकवा.’ मामूंचाही मान राहतो आणि हमीही राहते. वॉरंटी संपल्यावर गाडी त्यांच्याकडेच जाणार आहे.

मग मालकाने स्वतः करावयाचे काय उरते? पुष्कळ उरते. गाडीसोबत पाना, प्लगपाना आणि स्क्रू-ड्रायव्हर यांची पिशवी येत असेल, तर ती कंपनीने शोभेसाठी दिलेली नसते. आणि पिशवी नसली तरी पुस्तिकेत रोजच्या तपासणीचे पान असतेच. पुस्तिका मालकाला जे करायला सांगते ते केल्याने हमी जाईल कशी? उलट ‘देखभालीत हयगय’ हे हमी नाकारण्याचे कारण होऊ शकते. जुन्या पिढीतील राजदूत, येझदीवाले घरीच सायलेन्सरमधला कार्बन काढीत. ते दिवस गेले, पण गाडीची ओळख असण्याची गरज गेलेली नाही.

चेनपासून सुरुवात करू, कारण आपल्या मुरमाच्या रस्त्यावर सर्वांत आधी तीच मरते. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि धुळीत किंवा पावसात त्याच्याही आधी, तिला तेल हवे. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडके लावणाऱ्याचे बोट स्प्रॉकेटमध्ये जाते. मुलांना हे दहा वेळा सांगा. चाक हाताने फिरवीत चेन पुसावी, पेट्रोलने धुऊ नये, मग पुस्तिकेत सांगितलेले वंगण लावून जादाचे पुसून घ्यावे. ढिलाई चेनच्या खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटांच्या मध्यावर मोजतात. चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरला रबरी बुचाचे छिद्र असते, तेथून बघता येते. कित्येक लहान गाड्यांत ही ढिलाई २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते, पण आकडा आपल्याच पुस्तिकेतला धरावा. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: मागचे चाक सरकले की ड्रम ब्रेकचे पेडलही बदलते. म्हणून शेवटी अ‍ॅक्सलचा नट पक्का झाला का आणि ब्रेक पूर्वीच्याच जागी लागतो का, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

इंजिन ऑईल मालकाने तपासावे. बदलण्याचे काम वॉरंटीत सर्व्हिसिंगवर सोडावे हे बरे. तपासताना गाडी सरळ उभी हवी, इंजिन काही मिनिटे चालवून बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. पुष्कळ गाड्यांत ऑईलची पट्टी पुसून परत घालताना पिळून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. पिळली तर माप चुकते. कमी भरले तर पुस्तिकेतल्याच ग्रेडचे घालावे. उरलेले कारचे ऑईल मोटारसायकलला घालू नये. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑईलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण असते ती यासाठीच. स्कूटरसाठी ‘एमबी’ वेगळी.

एअर फिल्टरबद्दल आपल्या भागात विशेष सांगावेसे वाटते. एप्रिल-मेमध्ये शेतरस्त्याची धूळ हवेत तरंगत असते. फिल्टर तुंबला की गाडीचे अ‍ॅव्हरेज पडते, आणि फाटला तर धूळ थेट इंजिनात जाते. फोमचा फिल्टर धुता येतो. पण तेल लावलेल्या कागदाचा फिल्टर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, मुदतीत बदलायचाच. धुळीच्या भागात तो लवकर बदला, असे पुस्तिकेतच बहुधा सांगितलेले असते. सर्व्हिसिंगच्या वेळी ‘मी धुळीच्या रस्त्याने जातो’ असे सांगून ते जॉब कार्डावर लिहवून घ्यावे.

टायरची हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची मोकळी चाल, बॅटरीची टोके, लाईट, ब्रेकलाईट. एवढ्याला पंधरा मिनिटे लागतात, आणि हे मुलीही करू शकतात.

आता ज्याला हात लावू नये ते. वायरिंग! नव्या गाडीत सर्वांत घातक चाकू कोणता, तर जादा लाईट किंवा हॉर्न बसविण्यासाठी मूळ वायर सोलणारा. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या गाड्या आल्या. कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, इंधन इंजेक्शन, सेन्सर आणि छोटा संगणक आला. जोडलेली वायर एकदा दिसली की विजेच्या प्रत्येक बिघाडाचे खापर तिच्यावर फुटते, आणि मग आपल्याजवळ उत्तर नसते. सायलेन्सर बदलणे, मीटर उघडणे, इंजिन खोलणे, याही त्याच यादीतल्या गोष्टी. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा जोडण्यांवर मारू नये.

केलेल्या कामाची नोंद ठेवा. दोनशे पानी वहीत तारीख, किलोमीटर, काय केले एवढे लिहा. ऑईलचे, वंगणाचे बिल त्याच पानाला टाचा. सर्व्हिसिंगचे प्रत्येक जॉब कार्ड आणि बिल जपून ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बिल नको म्हणून पन्नास रुपये वाचविणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते.

एवढे करूनही हमी नाकारली गेली तर? तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. कोणता भाग, कोणत्या अटीखाली आणि का नाकारला, हे लेखी मागा. आपण फक्त चेनला तेल लावले आणि बिघाड विजेचा असेल, तर त्या दोहोंचा संबंध काय, असे सरळ विचारा. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने, ठरावीक कंपनीचाच सुटा भाग किंवा सेवा वापरण्याच्या अटीवर हमी बांधण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. आपल्याकडे शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती रद्द करावी, असे सांगितले. मात्र तो आदेश कारबद्दलचा होता आणि पुढे अपिले झाली. त्याच्या भरवशावर मोटारसायकलचे कूपन चुकवणे शहाणपणाचे नाही. युक्तिवादात त्याचा आधार घ्यावा, इतकेच.

ग्राहक चळवळ आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. या नव्या कायद्याने आपल्यासारख्यांची मोठी सोय केली आहे. गाडी सोलापुरात किंवा लातुरात घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहावा. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच काम होते. फोन करताना ती वही समोर असू द्या.

सभागृहाबाहेर एक गाडी डबल स्टँडवर उभी करून ठेवली आहे. पट्टी, फडके आणि वंगणही तेथे आहे. चहा घेऊन झाल्यावर ज्यांना चेनची ढिलाई स्वतः मोजून पाहावयाची आहे, त्यांनी यावे. मुलींनी आधी यावे, म्हणजे त्यांना गर्दीत मागे उभे राहावे लागणार नाही.