अकरा माणसांचं घर आणि बंबातली पिशवी

आजचा भाग घरूनच रेकॉर्ड करतोय, साखऱ्यातून. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. मध्येच म्हैस ओरडली तर सांभाळून घ्या, तिला एडिट करता येत नाही.

रील्समध्ये ती 'झीरो वेस्ट' घरं बघता ना तुम्ही? काचेच्या बरण्या, बांबूचा ब्रश, खिडकीत तुळस. त्या घरात माणसं किती असतात बघा. एक, फार तर दोन. आमच्या घरात अकरा आहेत. एक गॅस, एक चूल, एक बंब आणि पैशाचा व्यवहार काकांकडे. इथं मी एकट्यानं काही ठरवलं तर ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच चालतं.

आता पिशवीचंच घ्या. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली 23 मार्च 2018 ला. मग 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायची ताटं, पेले, चमचे बंद. कागदावर सगळं बंद आहे. पण आठवडी बाजारातून आमच्याकडं पिशव्या येतच होत्या, आणि त्या जायच्या कुठं? बंबात!

पहाटे पाचला बंब पेटवायचा असतो. पावसाळ्यात पऱ्हाट्या दमट होतात, पेट घेत नाहीत. पूर्वी थोडं रॉकेल टाकायचे. रॉकेल गेलं आणि त्याच्या जागी पिशवी आली. एक पेटवून खाली सारली की लगेच जाळ होतो. धूर मात्र सरळ ओसरीत, आणि ओसरीत झोपते आजी. तिचा खोकला आधीचाच, पण बंब पेटला की तो वाढायचा हे सगळ्यांना ऐकू येत होतं. प्लास्टिकच्या धुरातून काय काय विषारी निघतं हे इंटरनेटवर भरपूर आहे, पण आमच्या घरात ते वाचून दाखवून कुणी ऐकणारं नाही. काकू म्हणाली, "मग तू पेटव पाचला उठून."

पेटवतो. दीड वर्ष झालं. तुरीच्या तुराट्या गोठ्याच्या पत्र्याखाली रचून ठेवल्यात, शेजारी नारळाच्या शेंड्या. कोरडं असलं की पिशवीची गरज पडत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र आहे.

काकांनी मात्र खरा प्रश्न विचारला. "जाळायची नाही, तर ठेवायची कुठं?" शहरात घंटागाडी येते. आमच्या दारात येत नाही. उकिरड्यावर टाकली तर शेणखताबरोबर शेतात जाते, नाहीतर जनावराच्या पोटात, आणि तिथं ती पचत नाही, साचत राहते. ठिबकच्या जुन्या नळ्या, बाटल्या, डबे भंगारवाला घेतो. बिस्किटाची चमकी पाकिटं कुणीच घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती आम्ही गोणीत भरतोय. दोन गोण्या भरल्यात. पुढं काय करायचं याचं उत्तर आमच्याकडं नाही, आणि ते एका घरानं शोधायचं कामही नाही असं मला वाटतं. ग्रामपंचायतीत विचारणं चालू आहे.

आता ज्यावरून खरं भांडण झालं ते सांगतो. पुतणीचं बारसं होतं, दीडशे पान. दादा म्हणाला, थर्माकोल नको, स्टीलची ताटं आणू. सगळे 'हो हो' म्हणाले. वहिनी तेवढी गप्प. रात्री मला म्हणाली, "भाऊजी, पर्यावरण तुमचं आणि खरकटं आमचं का?"

मंडळी, या वाक्यावर मी खूप विचार केला. कापडी पिशवी धुणार कोण, ओला-सुका कचरा निवडणार कोण, ताटं घासणार कोण? घरात हिरवं काही करायचं ठरलं की त्याचं काम जवळपास प्रत्येक वेळी बायकांच्या अंगावर पडतं. त्या 'नको' म्हणाल्या की आपण म्हणतो, यांना पर्यावरणाचं कळत नाही.

शेवटी बारशाला पळसाच्या पत्रावळी आल्या. आबांना अजून हातानं लावता येतात, पण दीडशे कोण लावणार, म्हणून विकतच्या आणल्या. घेताना उलटून बघा बरं का, काही कागदी ताटांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आमटी गळाली थोडी. एक पाहुणे कुरकुरले. पण घासणं नाही, आणि सगळ्या पत्रावळी सरळ उकिरड्यावर, खताला.

आता वैशाखात चुलत बहिणीचं लग्न आहे. हजारावर माणूस येईल. काकांना स्टीलच हवं, पत्रावळीत पंगत शोभत नाही म्हणतात. तेव्हा विहिरीला पाणी किती असेल ते आत्ताच दिसतंय. वहिनीनं अट घातली: स्टील आणा, पण घासायला पुरुष बसतील. दादा यादी करतोय. आजपर्यंत चार नावं झालीत, त्यातलं एक माझं, आणि एक आबांचं, वय 81.