चंद्र, क्वेसार आणि तुमचा फोन

आजचा एपिसोड तुम्ही फोनवरच ऐकताय, आणि आज थोडी तक्रार त्या फोनचीच आहे. पण आधी चंद्राकडे जाऊ.

ऑगस्ट १९६२. ३सी २७३ असा नंबर असलेल्या एका स्रोताकडून जोरदार रेडिओ लहरी येत होत्या. पण नेमक्या कुठून? तेव्हाच्या रेडिओ दुर्बिणींची नजर अंधुक. मग ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीवर सिरिल हॅझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. चंद्र त्या स्रोतावरून सरकत जाणार होता. सिग्नल कुठल्या क्षणी गायब झाला आणि कुठल्या क्षणी परत आला, एवढंच मोजायचं! त्या क्षणी चंद्राची कड कुठे होती हे गणिताने माहीतच असतं. झालं, पत्ता सापडला.

त्या पत्त्यावर ताऱ्यासारखा एक ठिपका होता. १९६३मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट उलगडला आणि कळलं, हा तारा नाहीच. हा दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे. तरी इतका उजळ, कारण मध्ये अजस्र कृष्णविवर आणि त्यात पडता पडता तापणारा वायू. हाच क्वेसार.

हॅझार्ड यांचा तो पेपर गोविंद स्वरूप यांनी वाचला. चंद्राची हीच युक्ती शेकडो स्रोतांवर वापरायची तर दुर्बीण प्रचंड हवी, हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९७०मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. आणि पुढे त्याच माणसाने आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. नाशिक हायवेने जाताना काही लांबून दिसतातही.

जागा निवडली तेव्हा देशात मोबाइल नव्हता. आता बघा, एक साधा टूजी फोन चंद्रावर नेऊन त्यावरून कॉल लावला, तर इथल्या दुर्बिणीला तो ३सी २७३च्या तोडीचा प्रखर वाटेल. कदाचित जास्तच! मग डिशखाली उभं राहून रील अपलोड करणारा फोन काय करत असेल?

पुणे-नाशिक रेल्वेचं भांडणही इथलंच. आधीचा मार्ग याच भागातून जाणार होता, दुर्बिणीला त्रास होईल म्हणून हरकत आली. जुन्नर-आंबेगावकरांना रेल्वे हवीच आहे, आणि त्यांचं चुकतंय असं नाही. मला विचाराल तर रेल्वेला वळसा घालता येतो, ३० डिश उचलून नेता येत नाहीत. पण पुण्यात माइकसमोर बसून हे म्हणायला माझं काय जातंय? नारायणगावातून कुणी ऐकत असाल तर तुमचं मत पाठवा, पुढच्या एपिसोडला वाचून दाखवतो.

आणि हो, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. जा नक्की. फक्त गेटवर फोन स्विच ऑफ करा. फ्लाइट मोड नाही, स्विच ऑफ.