भोंग्याचे स्पीकर, एक टॅप आणि बाबांचे कान

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, कारण सुरुवातीलाच मी एक टिचकी मारणार आहे.

(धातूच्या हॉर्नवर टिचकी. लांबलेला ‘टण्ण’ आवाज.)

ऐकलंत? आता ही दुसरी.

(पुन्हा टिचकी. नुसतं ‘ठक’.)

हॉर्न तोच आहे. खिडकीच्या फटी बुजवायला पुटीसारखी चिकट दोरी मिळते ना, ती मी बाहेरून त्याच्या पाठीवर थापली, एवढाच फरक. पहिल्या टिचकीत जो ‘टण्ण’ ऐकलात, तो याआधी प्रत्येक गाण्यात थोडाथोडा मिसळत होता. खर्च पाच-सहा डॉलर. आजच्या एपिसोडमधला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

तर, माझ्याकडे क्लिप्श हेरेसी नावाची १९७६ सालची जोडी आहे. इथे डॅलसमध्ये एका आजोबांनी घर लहान करायला घेतलं होतं, त्यांच्या गॅरेजमधून आणली. हे स्पीकर बनवणारे पॉल क्लिप्श मूळचे इंजिनियर. १९४६ मध्ये त्यांनी अर्कान्सॉ राज्यातल्या होप नावाच्या छोट्या गावात कंपनी सुरू केली. डॅलसहून गाडीने सव्वातीन-साडेतीन तास. त्यांचा पहिला मोठा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसायचा आणि त्याचा बाससुद्धा हॉर्नमधूनच यायचा. १९५७ मध्ये त्यांनी छोटा स्पीकर काढला. त्यात बास साध्या बंद खोक्यातून, आणि वरचे दोन भाग तेवढे हॉर्नचे. हॉर्नच्या माणसाने खोकं बनवणं म्हणजे पाखंडच, असं कोणीतरी म्हणालं, आणि क्लिप्शनी तेच नाव ठेवलं. हेरेसी म्हणजे पाखंड.

हॉर्न करतो काय? शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हाताचा कर्णा करतो, तेच. छोटा पडदा एकदम मोकळ्या हवेला ढकलायला गेला तर त्याची बरीचशी ताकद वाया जाते. हॉर्न हळूहळू रुंद होत जातो आणि पडद्याची हवेशी नीट गाठ घालून देतो. तुतारी, सनई, जत्रेतला भोंगा, सगळ्यांचं गणित एकच. म्हणून हेरेसी १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९६ डेसिबल देतो. एखादा ८६ डेसिबलवाला स्पीकर तेवढाच वाजवायला १० वॅट लागतील.

पण पन्नास वर्षं जुनी वस्तू. काय काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, मागची फळी. खोकं हवाबंद असायला हवं, पण फळीखालचा फोम कडक होऊन भुगा झाला होता. नवी फोमची पट्टी लावली. तपासायची पद्धत सोपी: मोठ्या स्पीकरचा कागद बोटांनी हलकेच आत दाबून सोडायचा. सावकाश परत आला तर हवा धरली जातेय, झटकन आला तर कुठेतरी गळती आहे.

दुसरं, कॅपॅसिटर. आत क्रॉसओव्हर नावाची एक पाटी असते. ७०० हर्ट्‌झच्या खालचं मोठ्या स्पीकरला, ७०० ते ६,००० मधल्या हॉर्नला आणि त्यावरचं ट्वीटरला, अशी वाटणी ती करते. जुने कॅपॅसिटर वयाबरोबर बिघडतात, ते बदलले. इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. त्या काळातल्या तेल भरलेल्या डब्यांच्या कॅपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. डबा फोडायचा नाही, उघडायचा नाही, गळत असेल तर नुसत्या हाताने धरायचा नाही, आणि घरच्या कचऱ्यात तर अजिबात टाकायचा नाही. घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन द्यायचा.

तिसरं म्हणजे माझी चूक. कॅपॅसिटर बदलल्यावर गाणं वाईट वाजायला लागलं. गायिका दोन स्पीकरच्या मधोमध उभी असल्यासारखी वाटायला हवी, ती खोलीभर पसरली. मी नव्या कॅपॅसिटरला दोष दिला आणि आणखी महाग आणले. तरी तेच. तीन आठवड्यांनी माइक लावून दोन्ही स्पीकर वेगवेगळे मोजले, तर उजव्यात ७०० हर्ट्‌झच्या आसपास खड्डा. मधल्या हॉर्नच्या दोन वायरी मी उलट जोडल्या होत्या! ऑफिसात मी ज्युनियरना सांगतो की एका वेळी एकच बदल करा, प्रत्येक बदलाची नोंद ठेवा. घरी मात्र फळी, दोरी आणि कॅपॅसिटर सगळं एकाच शनिवारी, आणि फोटो एकही नाही. तुम्ही वायर सोडवण्याआधी फोटो काढा. फोन हातातच असतो तुमच्या.

आता ज्यासाठी हा एपिसोड करायचं ठरवलं, ते सांगतो.

त्याच सुमारास बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबा इचलकरंजीचे. तीसेक वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. इथे आल्यापासून ते गप्प गप्प असायचे. जेवताना आम्ही बोलायचो, ते ताटाकडे बघून हसायचे. सात वाजता निघायचं म्हटलं की आठला तयार व्हायचे. मला वाटलं, करमत नसेल.

एका रविवारी ट्वीटर तपासायला मी स्पीकरवर खालून वर चढत जाणारा एक सूर लावला. तिघं सोफ्यावर बसलो. म्हटलं, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. सूर चढत गेला. तीन हजारांच्या जरा पुढे बाबांनी हात खाली घेतला. मी म्हटलं, “बाबा, दमलात काय?” ते म्हणाले, “अरे, संपलं की.” माझा आणि बायकोचा हात अजून वरच होता. चौदा हजारांपर्यंत वर होता.

सतत गोंगाटात काम केलेल्या माणसाची श्रवणशक्ती आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास जायला लागते. बोलण्यातले स, श, त, फ असे हलके आवाज बरेचसे तिथे आणि त्याच्या वरच असतात. ‘सात’मधला ‘स’ गळाला की ‘आठ’ व्हायला कितीसा वेळ लागतो?

मग मी इंजिनियरसारखं वागलो, म्हणजे चुकीचं. हेरेसीच्या क्रॉसओव्हरवर एक ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे टॅप बदलून मधल्या हॉर्नचा आवाज साधारण ३-३ डेसिबलच्या पायरीने कमी-जास्त करता येतो. मी एक पायरी चढवली. यात एक खोच आहे, तुम्ही करणार असाल तर लक्षात ठेवा: ३ डेसिबल वर गेलं की त्या वाटेचा इम्पीडन्स निम्मा होतो. मग वाटणी ७०० लाच राहायला हवी असेल तर त्या वाटेतला कॅपॅसिटर दुप्पट करावा लागतो. नुसता टॅप हलवून भागत नाही. तेही केलं.

बाबा खूश. नाट्यगीतातले शब्द कळतायत म्हणाले. बायको म्हणाली, “कानात सुई जातेय माझ्या.” मी म्हटलं, बाबांसाठी चालवून घे. त्या रात्री जेवताना तिने बाबांना काहीतरी विचारलं, आणि बाबा पुन्हा ताटाकडे बघून हसले.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. स्पीकरचा टॅप मी बदलला. बायकोच्या आवाजाचा टॅप कुठून बदलणार होतो?

पुढच्या आठवड्यात ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. बाबा नको म्हणत होते. “कानाला मशीन म्हणजे म्हातारपण,” असं त्यांचं. तपासणीचा आलेख हातात आला. मी इतके महिने स्पीकरचे आलेख बघत होतो, त्यामुळे हा वाचायला मला कोणाची गरज लागली नाही. सरळ रेघ, आणि मग कडा कोसळावा तशी खाली. मशीन घेतलं. पहिले आठ-दहा दिवस बाबांना कागद चुरगळल्याचा, नळाचा, फ्रिजचा आवाज सोसवेना. मग हळूहळू सवय झाली.

आणि एका संध्याकाळी तेच नाट्यगीत लागलं असताना बाबांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, “कर्कश झालाय रे हा. आधी बरा होता.”

मी टॅप खाली आणला. जुना कॅपॅसिटर परत जोडला. होपच्या कारखान्यात १९७६ मध्ये जिथे होता, बरोब्बर तिथे.

तर मंडळी, भोंगे जरूर दुरुस्त करा. दोरी थापा, फोम बदला, वायरी तपासा. पण तो चढत जाणारा सूर एकदा घरातल्या सगळ्यांना बसवून ऐकवा, आणि कोणाचा हात कधी खाली जातो त्याकडे बघा. ती काही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण कोणाला तपासायला न्यायचं ते कळतं. कानात इअरबड घालून झोपणाऱ्यांनी स्वतःचा हातही बघा. शेड फक्त इचलकरंजीतच असते असं नाही.

बाबा परत गेलेत. रविवारी फोन येतो. आता सात म्हटलं की सात वाजताच येतो. भेटू पुढच्या एपिसोडला.