चांगला कोंबडा आधी विकला जातो

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय 'गावरान कोंबडी' असा फलकावर लिहिलेला पाहून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर कोंबड्यांवर बोलावे हे चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. परंतु लाखनीजवळच्या माझ्या दोन एकरांत गेली काही वर्षे कोंबड्या पाळताना भांडवल, बाजार आणि मालकी यांविषयी जे मला उमगले, ते वर्गात शिकवतानाही इतके स्पष्ट झाले नव्हते. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आपला जिल्हा धानाचा. खळ्यावर सांडलेला दाणा, गिरणीतील कणी आणि कोंडा, बांधीच्या धुऱ्यावरचे किडे आणि उधळी यांवर गावरान कोंबडी जगते. जे माणसाच्या उपयोगाचे नाही त्याचे ती अंडे करते. तिच्यासाठी कर्ज काढावे लागत नाही, शेड बांधावी लागत नाही. आणि मुख्य म्हणजे ती घरातल्या बाईची असते. सातबारा नवऱ्याच्या नावावर असतो, धानाच्या चुकाऱ्याचे पैसे त्याच्या खात्यात जातात. पण अंड्यांचे पैसे पदराच्या गाठीत बांधले जातात. मुलाची वही, सासूचे औषध, माहेरच्या लग्नाचा आहेर हा सारा खर्च या गाठीतून होतो.

ही कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात देते. हा आकडा पुढे ठेवून गावरान कोंबडीला निकामी ठरवणे सोपे आहे. परंतु लेगहॉर्नला तयार खाद्य लागते आणि ती खुडूक होत नाही. म्हणजेच ती स्वतःची पिढी स्वतः निर्माण करीत नाही. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते आणि पिल्ले काढून त्यांना घारीपासून, मुंगसापासून सांभाळते. उबवणी यंत्र, विजेचा दिवा आणि राखणदार अशी तिन्ही कामे ती एकटी करते. कमी अंड्यांच्या हिशेबात ही मजुरी कोणी धरीत नाही. घरात राबणाऱ्या बाईचे श्रम ज्या हिशेबात धरले जात नाहीत, तोच हा हिशेब आहे.

आता निवडीविषयी. जात सुधारते ती निवडीने. पुढच्या पिढीचे आईबाप कोण असावेत हे ठरवणे म्हणजे निवड. रानकोंबड्यापासून माणसाने आजच्या सर्व जाती घडवल्या त्या याच मार्गाने. डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात याची सविस्तर चर्चा केली आहे. आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्या बायकांनी डार्विन वाचलेला नाही. पण कोणत्या कोंबडीची दहापैकी आठ पिल्ले जगली, कोणती आकाशात सावली दिसताच पिल्ले पंखाखाली घेते, कोणती अंड्यांवरून अर्ध्यातच उठते, हे त्यांना तोंडपाठ असते. अंडी कोणाखालची ठेवायची हे त्या त्यावरून ठरवतात. हे शास्त्रच होय. फक्त त्याची वही नाही.

मग एवढी जाण असूनही गावोगावच्या कोंबड्या लहानखुऱ्या आणि अशक्त का दिसतात? याचे उत्तर शोधायला मला दोन वर्षे लागली. उत्तर जनुकशास्त्रात नव्हते, ते आठवडी बाजारात होते.

एका चेपात अंड्यांतून निघालेले चार नर घ्या. पाचव्या महिन्यात त्यांतील एक उंच, लाल तुऱ्याचा, सरळ पायांचा निघतो. पुढच्या पिढीचा बाप तोच व्हायला हवा. पण रोवणीचे दिवस असतात, मजुरीला आणि खताला पैसा हवा असतो. बाजारात भाव कोणाला येतो? त्यालाच. दिवाळीनंतर मंडई भरते, पाहुणे येतात, पुन्हा हात त्याच्याकडेच जातो. त्यातूनही वाचला तर घरातला तरुण त्याला पायाला काती बांधून कोंबडबाजारात नेतो. कोंबड्यांची झुंज १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी ती थांबलेली नाही. शेवटी खुराड्यात उरतो तो ज्याला कोणी घेतले नाही तो. आणि तोच पुढच्या सर्व पिल्लांचा बाप होतो.

मित्रहो, ही निवडच आहे, पण उलटी. ती बाई करीत नाही, तिची गरज करते. चांगला कोंबडा आधी विकला जातो, कारण तिला दोन महिने थांबणे परवडत नाही. ज्याच्याजवळ थांबण्याची ताकद नाही त्याला वाण राखता येत नाही. गरिबी आजची भाकर तर काढून घेतेच. ती उद्याचे बियाणेही काढून घेते.

अर्थशास्त्राच्या भाषेत यात आणखी एक गोष्ट आहे. कोंबडा मोकळा फिरतो. तो शेजारच्या चार घरांच्या कोंबड्यांनाही लागतो. म्हणजे चांगला कोंबडा राखण्याचा फायदा साऱ्या आळीला होतो, तोटा मात्र राखणारीला एकटीला सोसावा लागतो. जिथे लाभ सर्वांचा आणि खर्च एकाचा, तिथे ती वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातले तत्त्व आहे. वाण ही सामाईक मालमत्ता आहे. ती राखायचीही सर्वांनी मिळूनच.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. माझे शेत गावापासून दूर, कुंपणाचे. मला एक देखणा कोंबडा मिळाला. मी त्याला विकले नाही. मला पेन्शन आहे, मला थांबणे परवडते. चार वर्षे तो एकटाच माझ्या कळपाचा बाप होता, आपल्या मुलींचा आणि नातींचाही. सुरुवातीला बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्ले निघत. पुढे पाच-सहावर आली आणि त्यांतीलही काही वाकड्या पायांची. मी खाद्याला दोष दिला, उन्हाला दिला. शेवटी शेजारच्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, "गुरुजी, मानसायची सोयरीक तुमी गाव सोडून पायता, अन् कोंबड्यायची घरातल्या घरातच करता का जी?"

त्या बाईंच्या प्रश्नाचे गणित सूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ साली मांडले होते. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार चौपट करायचा आणि त्यांच्या बेरजेने भागायचे. कळपाची खरी, परिणामकारक संख्या मिळते. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असतील तर डोकी अकरा, पण परिणामकारक संख्या साडेतीनच्या आसपास. अशा कळपात प्रत्येक पिढीला रक्तसंबंधाची घनता जवळजवळ चौदा टक्क्यांनी वाढते. आता अशीच दहा घरे एकत्र आली आणि त्यांनी आपापसांत कोंबडे फिरवले, तर संख्या छत्तीसवर जाते आणि ती वाढ दीड टक्क्याच्याही खाली येते. माझ्या एकट्याच्या पेन्शनने जे साधले नाही, ते दहा गरीब घरांच्या अदलाबदलीने साधते. सहकाराची याहून नेमकी बाजू मी कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही.

कोणी विचारतील, एवढा खटाटोप कशाला? वनराजा आहे, गिरिराजा आहे. उबवणी केंद्रातून पिल्ले आणावीत. हे पक्षी वाईट नाहीत. सरकारी संशोधन संस्था आणि विद्यापीठांनी ते परसातल्या पालनासाठीच तयार केले आणि अनेक घरांना त्यांचा उपयोग झाला आहे. परंतु ते संकरित आहेत. त्यांच्या पिल्लांत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत आणि त्यांची मादी क्वचितच खुडूक होते. म्हणून दर खेपेला पिल्ले बाहेरूनच आणावी लागतात. ब्रॉयलरच्या करारात तर पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, विकण्याची वेळही कंपनीची; शेतकऱ्याची ती शेड, वीज आणि जागरण. जगातील ब्रॉयलरच्या मूळ वंशावळी आज मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. प्रश्न पक्षी चांगला की वाईट हा नसून पुढच्या पिढीचा मालक कोण, हा आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ८५ कोटी आढळली. त्यांत परसातील पक्षी ३१ कोटी ७० लाख, म्हणजे २०१२ च्या तुलनेत सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक. आकडा आनंदाचा आहे. परंतु डोकी वाढणे म्हणजे वाण टिकणे नव्हे. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली मान्यताप्राप्त जात म्हणजे नवापूर भागातील आणि लगतच्या गुजरातेतील बुसरा. याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील शेडमधल्या व घरोघरच्या कोंबड्या मारण्यात आल्या. एका लहान टापूत वसलेला वाण एका साथीत किती सहज धोक्यात येतो, हे तेव्हा दिसले. उलट बाजूने कडकनाथ पाहा. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडकनाथ पालनाच्या योजनेत गुंतवलेले पैसे बुडाल्याच्या तक्रारी घेऊन शेतकरी पोलिसांकडे गेले. दुर्लक्षाने वाण मरतो आणि सट्ट्याने वाण पाळणारा मरतो.

आपल्या भंडाऱ्याच्या गावरान कोंबडीला तर नावही नाही. म्हणून काय करावे, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक आळीतील बचत गटाने एक लहानसा 'कोंबडा निधी' ठेवावा. पाचव्या महिन्यात बायकांनी मिळून आळीतील उत्तम नर निवडावा, गटाने तो बाजारभावाने विकत घ्यावा आणि त्याच घरी राहू द्यावा. वर्षाने तो दुसऱ्या आळीत द्यावा, तिकडचा इकडे आणावा. उन्हाळ्याच्या काहिलीत उघड्या मानेचे पक्षी अधिक तग धरतात. कुरूप म्हणून ते काढून टाकू नयेत. आणि मानमोडीची लस सर्वांनी एकाच दिवशी टोचून घ्यावी. लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण ती एकटी कशी घेणार? ती घेत नाही, आणि साथीत सारे खुराडे रिकामे होते. अडाणीपणाचा दोष तिला देऊ नका. दोष कुपीच्या आकाराचा आहे, आणि त्यावर उपाय एकत्र येणे हाच आहे.

धानाला रास्त भाव, वेळेवर चुकारा, पाण्याचा हक्क हे लढे मोठे आहेत. कोंबडी त्यांची जागा घेऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. पण १९१८ साली डॉ. आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवले होते की केवळ तुकड्याच्या आकारावरून शेती किफायतशीर ठरत नाही. त्याला श्रम, भांडवल आणि साधने यांची जोड कशी मिळते त्यावर ते ठरते. १९५४ साली याच भंडाऱ्याने त्यांना पोटनिवडणुकीत पराभूत केले. निदान त्यांचा हा विचार तरी आपण हातचा जाऊ देऊ नये. दीड एकरवालीजवळ जे साधन आज आहे, जे स्वतःची पिढी स्वतः निर्माण करते, ते तिच्या हातून निसटत असेल तर ते राखणे हेही आपलेच काम आहे.

येत्या रोवणीत तुम्ही गावोगाव जाल. एखाद्या दारात पाय बांधून बाजाराला निघालेला उंच, लाल तुऱ्याचा कोंबडा दिसेल. त्या बाईला तो न विकण्याचा उपदेश करू नका. तिची नड किती रुपयांची आहे ते विचारा, आणि आळीतल्या दहा जणींना बोलवा.