परक्या राजाचे पदक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, नाशिक येथे केलेले भाषण)



आज विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला. त्यास जोडून शौर्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. ती शिरोधार्य मानून मी एका शिपायाची हकीकत सांगणार आहे.

नाशिकहून पुण्याच्या वाटेने सिन्नर ओलांडले की संगमनेर लागते. त्या तालुक्यातील निमज या गावी १९२१ साली नामदेव जाधव यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. एप्रिल १९४५ मध्ये ही पलटण इटलीत सेनिओ नदीच्या काठी होती. नदी लहानच, परंतु दोन्ही तीरांवर सुमारे तीस फूट उंचीचे बांध होते. जर्मनांनी ते पोखरून आत मोर्चे केले होते व उतारांवर सुरुंग पेरले होते.

९ एप्रिल रोजी दोस्त राष्ट्रांच्या आठशेहून अधिक बॉम्बफेकी विमानांनी तो मुलूख भाजून काढला. तोफांनीही भडिमार केला. तरीही बांधाच्या पोटातील मशीनगन शाबूत राहिल्या. संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरले.

नामदेव हे कंपनीचे निरोप पोचविणारे शिपाई. ते कंपनी कमांडरच्या सोबत होते. पैलतीरी पाय ठेवताच तीन मोर्च्यांतून गोळ्यांचा वर्षाव झाला. कमांडर व दोन जवान जखमी झाले. त्या तुकडीतील नामदेव वगळता बाकी सारे ठार झाले. नामदेवांनी एका जखमीस उचलले, खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे सुरक्षित जागी पोचविले. मग ते परत गेले आणि दुसऱ्यास घेऊन आले. त्यानंतर तिसऱ्यांदा पुढे जाऊन त्यांनी पहिला मोर्चा टॉमीगनने बंद पाडला. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्बने आणखी दोन मोर्चे नष्ट केले. अखेर बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली व मागील कंपन्यांना पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, अली हैदर या पठाण शिपायासही तोच मान मिळाला.

मी अनेक वर्षे इतिहास शिकविला. पानिपत शिकविले, प्लासी शिकविली. सेनिओचे नाव मात्र वर्गात कधी उच्चारले नाही. मनात अढी होती. १९४२ साली ज्या सरकारने आपल्या माणसांना तुरुंगात टाकले, त्याच सरकारचे हे पदक! ती अढी अगदीच निराधार होती, असे आजही मी म्हणणार नाही. परंतु त्या संध्याकाळच्या कृत्यांचा क्रम पाहा. प्रथम जखमी सोबती, मग शत्रूच्या मशीनगन. पाण्यातून दोनदा वाहून आणलेला भार कोणा राजाचा नव्हता. तो सोबत्यांचा होता. पदक परक्याचे असेल, माणुसकी आणि धैर्य आपलेच होते. हे मुलांना न सांगण्यात माझी चूक झाली, ती मी येथे कबूल करतो.

नामदेव जाधव १९८४ साली निवर्तले. त्यांना पदक मिळाले म्हणून त्यांचे कृत्य लिहिले गेले. ज्यांचे साक्षीदारच रणात पडले, त्यांचे कोण लिहिणार? देवळालीची छावणी आपल्या दाराशी आहे. आपल्याही काही घरांतील माणसे सैन्यात गेली. पण आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, गुणवंतांची असते, त्यांची नसते.

म्हणून माझी विनंती आहे. घरी गेल्यावर जुनी ट्रंक उघडा, आजीआजोबांना विचारा. नाव, पलटण, साल आणि आठवत असेल ती हकीकत कागदावर उतरवून मंडळाकडे द्या. पदक असो वा नसो, पुढील अंकात ती नावे छापावीत, अशी चिटणीसांस माझी प्रार्थना आहे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होणार आहे.